वनस्पतींच्या मूळस्थानाचा शोध : आचार्य शंकर पुरुषोत्तम आघारकर

ग्रंथालयाच्या शतसांवत्सरिक स्मरणिकेत साहित्यिकांची, समाजसुधारकांची आणि उदार देणगीदारांची चरित्रे यावीत, हे रीतीला धरूनच आहे. त्यांच्या पंक्तीस एका वनस्पतिशास्त्रज्ञाला बसविताना त्याचे प्रयोजन प्रारंभीच सांगणे उचित ठरेल. आचार्य शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म कोकणातला, शिक्षण मुंबईचे, डॉक्टरेट बर्लिनची आणि आयुष्याचा मध्यान्ह कलकत्त्यात गेलेला. सेवानिवृत्तीनंतर लोक विश्रांती घेतात, त्या वयात त्यांनी पुण्यास एक संशोधन संस्था उभी केली. महाराष्ट्राबाहेर राहून आपले कार्य आणि आपली भूमी यांचा मेळ घालणे म्हणजे काय, हे ग्वाल्हेरच्या मराठी वाचकांना निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच हे चरित्र त्यांना परके वाटू नये.

आणखी एक कारण आहे. आघारकर हे नाव कानी पडताच पुष्कळांना सुधारककर्ते गोपाळ गणेश आगरकर आठवतात. योगायोग असा, की पुण्यातील आघारकर संशोधन संस्था ज्या रस्त्यावर उभी आहे, त्यालाही गोपाळ गणेश आगरकरांचेच नाव आहे. नावांच्या या सारखेपणात शास्त्रज्ञ आघारकर थोडे झाकले गेले आहेत. त्यांची ओळख नव्याने करून देणे हे एखाद्या ग्रंथालयाच्या पृष्ठांना शोभणारे काम आहे.

मालवण ते कोयनेचे खोरे

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवण येथे झाला. मालवण तेव्हा मुंबई इलाख्याच्या रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. उच्च शिक्षणासाठी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गेले, निसर्गविज्ञानात एम. ए. झाले आणि पुढे तेथेच जीवशास्त्राचे अध्यापन करू लागले. त्या काळी आपल्या महाविद्यालयांतील विज्ञान बहुतांशी पाठ्यपुस्तकांतून चालत असे. आघारकरांचा पिंड निराळा होता. सवड मिळाली की सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्यांत भटकावे, जे दिसेल ते गोळा करावे आणि त्याचे नाव-गाव निश्चित केल्याखेरीज स्वस्थ बसू नये, असा त्यांचा परिपाठ होता.

या भटकंतीतूनच त्यांचे पहिले मोठे संशोधन घडले. विशेष म्हणजे ते वनस्पतींविषयीचे नव्हते. सातारा जिल्ह्यातील कोयना व वेण्णा नद्यांच्या परिसरात त्यांना गोड्या पाण्यातील एक इवलासा जेलीफिश आढळला. जेलीफिश म्हटले की समुद्र डोळ्यांसमोर येतो. नद्या-सरोवरांत राहणारे त्याचे भाईबंद अगदी थोडे. आणि आघारकरांना सापडलेला प्राणी ज्या ‘लिम्नोक्निडा’ या प्रजातीचा होता, ती तोवर फक्त आफ्रिकेतून, टांगानिकासारख्या सरोवरांतून, ठाऊक होती. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनंडेल यांनी १९१२ साली या जातीचे वर्णन केले आणि तिला ‘लिम्नोक्निडा इंडिका’ हे नाव दिले. त्या वेळी आघारकरांचे वय सत्तावीस वर्षांचे होते.

या लहानशा प्राण्याने त्यांच्यापुढे जो प्रश्न टाकला, तोच पुढे त्यांच्या संशोधनाचा कणा झाला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. आफ्रिकेतील सरोवर आणि सह्याद्रीतील ओढा यांच्यामध्ये एवढा समुद्र पसरलेला असताना एकाच कुळीचा जीव दोहोंकडे कसा? तो कोणत्या वाटेने आला? एखाद्या जीवाला त्याचे नाव विचारणे ही वर्गीकरणशास्त्राची पहिली पायरी. त्याचे मूळ गाव विचारणे ही दुसरी. आघारकर या दुसऱ्या पायरीकडे वळले, आणि त्यासाठी त्यांनी वनस्पतींचे राज्य निवडले.

कलकत्ता, बर्लिन आणि महायुद्ध

याच सुमारास कलकत्ता विद्यापीठात मोठी घडामोड चालली होती. कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांनी पदव्युत्तर विज्ञानशिक्षणाची उभारणी आरंभिली होती, आणि नामांकित कायदेपंडित रासबिहारी घोष यांनी १९१३ साली त्या कार्यास दहा लाख रुपयांची देणगी दिली. या निधीतून जी अध्यासने निर्माण झाली, त्यांतील वनस्पतिशास्त्राचे अध्यासन १९१४ साली आघारकरांना मिळाले. मालवणच्या एका तरुण अध्यापकाला बंगालच्या विद्यापीठाने सन्मानाने बोलवावे, ही गोष्ट त्या काळच्या प्रांतोप्रांतीच्या विद्याव्यवहारावर चांगला प्रकाश टाकते.

पदभार घेतल्यावर अधिक अध्ययनासाठी ते जर्मनीस गेले. भौतिकशास्त्राच्या अध्यासनावर नेमले गेलेले देवेंद्रमोहन बोस हेही त्याच वर्षी बर्लिनला गेले होते. इतक्यात १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध भडकले. भारतीय मनुष्य कायद्याने ब्रिटिश प्रजाजन, म्हणजे जर्मनीच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचा नागरिक. आघारकरांना स्थानबद्ध व्हावे लागले. परक्या भूमीत, परक्यांच्या युद्धात, ज्या साम्राज्याशी आपले जिव्हाळ्याचे नाते नाही त्याच्या नावावर बंदिवास भोगणे हे दुर्दैवच म्हणावयाचे. मात्र त्यांनी अध्ययनाचा धागा तुटू दिला नाही. सुटकेनंतर ते पुन्हा बर्लिनच्या प्रयोगशाळेत रुजू झाले आणि १९१९ साली बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊनच मायदेशी परतले.

त्यांचे गुरू होते आडोल्फ एंग्लर. बर्लिन-डालेम येथील वनस्पतिउद्यानाचे आणि संग्रहालयाचे ते संचालक होते, आणि जगातील सर्व वनस्पतींची कुळवार मांडणी करणाऱ्या महाग्रंथाचे एक कर्तेही. भारतात तोवर बेंथॅम आणि हूकर यांच्या वर्गीकरणाची पद्धत रूढ होती. अर्धवट वाळलेला नमुना हाती आला तरी त्याचे नाव लवकर काढता यावे, ही त्या पद्धतीची सोय. एंग्लर यांचा प्रयत्न पुढच्या पायरीवरचा होता. साध्या रचनेच्या फुलांपासून गुंतागुंतीच्या फुलांकडे उत्क्रांतीचा ओघ कसा गेला असावा, तो मांडणीतून दाखवावा, अशी त्यांची भूमिका होती. शिवाय आफ्रिकेतील वनस्पतींचा त्यांचा व्यासंग असामान्य होता. सह्याद्रीत आफ्रिकेचा पाहुणा पाहिलेल्या आघारकरांना याहून योग्य गुरू मिळता ना.

रुक्ष भूमीतील वनस्पतींचा प्रबंध

आघारकरांच्या प्रबंधाचा विषय होता वायव्य भारतातील रुक्ष व खारट जमिनीत वाढणाऱ्या वनस्पती, त्यांच्या प्रसाराची साधने आणि त्यांचे मूळस्थान. हा प्रबंध १९२० साली एंग्लर यांच्या वनस्पतिशास्त्रीय वार्षिकात जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला.

ग्वाल्हेरच्या वाचकाला हा विषय घरचाच वाटेल. वायव्येकडील रुक्ष पट्ट्याच्या पूर्व उंबरठ्यावर आपले शहर वसले आहे. शिवपुरीकडे जाताना टेकड्यांवर करधईची राने लागतात. चंबळच्या बेहडांत पर्णहीन करील, काटेरी हिंगणबेट, पीलू आणि बाभूळ यांचे राज्य दिसते. दसऱ्याला ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यात जिचे पूजन होते आणि जिची पाने सोने म्हणून लुटली जातात, ती शमीदेखील याच कुळाचाराची. भारताच्या वायव्य भागापासून इराण-अरबस्तानापर्यंत तिचा पसारा आहे. करील आणि पीलू तर त्याही पलीकडे, आफ्रिकेच्या उत्तर भागापर्यंत जाऊन पोहोचतात. आपल्या हिंगणबेटाचा सख्खा चुलतभाऊ ईजिप्त-सुदानात आढळतो. दख्खनच्या माणसाने आपले मानलेले कितीतरी वृक्ष असे दूरदूरच्या आप्तांशी बांधलेले आहेत.

झाड आपल्या पायांनी चालत नाही. प्रवास करते ते त्याचे बीज. म्हणून मूळस्थानाचा शोध घ्यावयाचा तर बीजाचे वाहन कोणते, हे आधी पाहावे लागते. रुईच्या बोंडातून रेशमी झुपके घेऊन निघालेले बी वाऱ्यावर स्वार होते. पळसाची पातळ, चपटी शेंगही वाऱ्याच्याच स्वाधीन असते. आघाड्याचे बी धोतराला चिकटते, गोखरूचा काटा पायाला किंवा खुराला रुततो. बोर, करील आणि पीलू यांची रसाळ फळे पक्षी व प्राणी खातात आणि त्यांच्या बिया दूर नेऊन टाकतात. खाऱ्या जमिनीतील कित्येक वनस्पतींची बीजे पाण्याबरोबर वाहत जातात. कोणत्या जातीला कोणते वाहन लाभले आहे आणि ते वाहन तिला किती दूर नेऊ शकेल, याचा हिशेब मांडला की तिच्या पूर्वजांचा मार्ग हळूहळू उलगडू लागतो. ज्या गोष्टी रानात वावरणारा प्रत्येक गुराखी रोज पाहतो, त्यांच्यावर खंडोखंडीच्या इतिहासाची उभारणी करणे, यात या शास्त्राची खरी मौज आहे.

आजच्या ज्ञानाच्या उजेडात हा प्रश्न अधिकच रंजक झाला आहे. भारत आफ्रिकेपासून विलग झाला तो सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वी. फुले धारण करणाऱ्या, म्हणजे सपुष्प वनस्पतींचे निःसंदिग्ध जीवाश्म मिळतात ते त्यानंतरचे, सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वीपासूनचे. तेव्हा आफ्रिकेशी असलेले हे सारे नाते खंड एकत्र होते म्हणून जुळले, असे सरसकट म्हणता येत नाही. पुष्कळ जाती पुढील काळात, अरबस्तान-इराणच्या कोरड्या पट्ट्यातून, पिढ्यान्‌पिढ्या बीज टाकीत इकडे सरकल्या असल्या पाहिजेत. प्रसाराच्या साधनांवर भर देणाऱ्या अभ्यासाचे मोल येथे ध्यानी येते.

फुलांचे कोडे

सपुष्प वनस्पतींच्या उगमाविषयी येथे दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. आज पृथ्वीवर त्यांच्या सुमारे तीन लाख जाती आहेत. भारतात अठरा हजारांच्या आसपास. गवतापासून वडापर्यंत, भाताच्या लोंबीपासून कमळापर्यंत सारे याच वर्गात येते. नेचे आणि सूचिपर्णी वृक्ष यांच्या तुलनेत हा वर्ग उशिरा आला, आणि पाहता पाहता त्याने पृथ्वी व्यापली. हा आकस्मिक विस्तार चार्ल्स डार्विन यांनाही छळीत होता. १८७९ साली हूकर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्याविषयीचा आपला त्रागा व्यक्त केला होता.

एंग्लर यांनी पाकळ्याविरहित, साध्या फुलांना आद्य मानले होते. ती फुले मुळात साधी नसून पुढे साधी झालेली आहेत, असे नंतरच्या अभ्यासातून दिसून आले. १९९८ पासून जनुकीय पुराव्यावर आधारलेली नवी मांडणी प्रचारात आली. तिच्यानुसार सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षाची सर्वांत जुनी फांदी न्यू कॅलेडोनिया बेटावरील ‘अॅम्बोरेला’ या झुडपाची, आणि त्यापुढची कुमुदांची आहे. संस्कृत-मराठी कवितेत जोडीने येणारी कमळ आणि कुमुद ही फुले नात्याने एकमेकांपासून फार दूरची ठरली, ही गोष्ट साहित्यप्रेमी वाचकांनाही कुतूहलाची वाटेल. गुरूंचे मत काळाने बाजूस सारले, तरी प्रत्येक वनस्पतीची वंशपरंपरा शोधली पाहिजे हा त्यांचा आग्रह टिकला. शास्त्रात पूर्वसूरींचे ऋण असेच शिल्लक राहते.

अध्यापक आणि संघटक

१९२० नंतरची सुमारे पंचवीस वर्षे आघारकरांनी कलकत्त्याच्या वनस्पतिशास्त्र विभागाला वाहिली. या काळातील त्यांच्या दोन अभ्यासांचा उल्लेख येथे करावासा वाटतो; कारण दोन्हींत मूळस्थानाचा जुना प्रश्न लोकांच्या रोजच्या जीवनाशी येऊन भिडला आहे.

पहिला जलपर्णीचा. जांभळ्या, देखण्या फुलांची ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतील. बंगालच्या नद्या-बिलांत शिरल्यावर तिने हाहाकार उडविला. नावांच्या वाटा तुंबल्या, भातखाचरे बुडाली, मासेमारी थांबली. अखेर १९३६ साली बंगाल सरकारला तिच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. जलपर्णी मुख्यतः आडव्या फुटव्यांनी पसरते. पण तिला बी धरते काय आणि परागण कसे होते, हे कळल्याखेरीज निर्मूलनाची योजना आखणे व्यर्थ होते. वरची झाडे उपटून टाकली तरी चिखलातील बी पुन्हा रुजणारच. आघारकरांनी आपले सहकारी आय. बॅनर्जी यांच्यासह नेमक्या याच विषयाचा, जलपर्णीचे परागण व बीजधारणा यांचा अभ्यास करून तो १९३० साली प्रसिद्ध केला.

दुसरा अभ्यास केळीचा. १९३५ साली त्यांनी पी. एन. भादुरी यांच्यासमवेत केळीच्या निरनिराळ्या प्रकारांतील गुणसूत्रांच्या संख्येवर लेख लिहिला. रानकेळीत बावीस गुणसूत्रे असतात आणि तिचे फळ बियांनी भरलेले असते. आपण खातो त्या बहुतेक केळ्यांत ती तेहतीस असतात. तीन संचांची ही विषम संख्या बीज धरू देत नाही, म्हणून केळ गरभरीत आणि बिनबियांचे होते. आणि म्हणूनच शेतकऱ्याला केळीची लागवड मुनव्यांनी करावी लागते. देवघरातील नैवेद्याच्या केळ्यामागे उत्क्रांतीचा आणि मानवी निवडीचा असा दीर्घ इतिहास उभा आहे.

संशोधनाइतकाच वेळ त्यांनी संघटनेला दिला. इंडियन सायन्स काँग्रेसचे सरचिटणीसपद त्यांनी सांभाळले. १९३५ साली स्थापन झालेल्या, आणि पुढे भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या संस्थेच्या संस्थापक सदस्यांत ते होते. अशा कामांत नाव फारसे होत नाही आणि कष्ट मात्र पुष्कळ पडतात. पत्रव्यवहार, अधिवेशने, हिशेब, छपाई यांचा भार उचलणारा कोणी असल्याखेरीज ज्ञानाचे व्यवहार चालत नाहीत, हे ग्रंथालयाच्या कार्यकारिणीत काम केलेल्या प्रत्येकास मान्य होईल.

विज्ञान वर्धिनी

१९४६ साली आघारकर कलकत्त्याहून निवृत्त झाले. वय एकसष्ट. कलकत्त्यात महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली विज्ञानाच्या संवर्धनासाठी जी संस्था स्थापन केली होती, तिचे फळ देशाने पाहिले होते. चंद्रशेखर वेंकट रामन यांचा १९२८ सालचा जगविख्यात शोध तेथेच लागला होता. महाराष्ट्रातही विद्यापीठाच्या परीक्षांपासून अलग, केवळ संशोधनाला वाहिलेले असे एक स्थान असावे, या विचाराने पुण्यातील विद्वान एकत्र आले आणि १९४६ साली ‘महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी’ ही संस्था जन्मास आली. तिच्या संस्थापक-संचालकपदाची धुरा आघारकरांनी स्वीकारली आणि अखेरपर्यंत वाहिली.

या घटनेला एक करुण पार्श्वभूमी आहे. ज्या बर्लिन-डालेमच्या संग्रहालयात तरुणपणी आघारकरांनी शास्त्राची दीक्षा घेतली, ते दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या मार्च महिन्यातील एका रात्री, बाँबहल्ल्यात जळून गेले. सुमारे चाळीस लाख वाळविलेल्या नमुन्यांचा तेथील संग्रह. त्यातील फार मोठा भाग आणि त्याबरोबर ग्रंथालयही भस्मसात झाले. वनस्पतींचा वाळविलेला नमुना म्हणजे जाड कागदावर चिकटविलेली एक डहाळी आणि तिच्या कोपऱ्यात लिहिलेले नाव, ठिकाण, तारीख व गोळा करणाऱ्याची सही. दिसावयास ही गोष्ट क्षुल्लक. पण एखादी जात कोणत्या काळी कोठे वाढत होती, याचा तोच एकमेव साक्षीदार असतो. तो गेला की त्या ठिकाणचा, त्या दिवसाचा पुरावा कायमचा गेला. ग्रंथालयाच्या दाखलनोंदवहीतील एक पान फाटल्याने काय हानी होते हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना या चाळीस लाख पानांचे दुःख समजेल.

ज्ञानाचे भांडार एकाच ठिकाणी, परदेशी राजधानीत साठवून भागत नाही. ज्या भूमीत वनस्पती वाढतात, तेथेच त्यांची दप्तरे असावीत, ही शिकवण या आगीने साऱ्या जगाला दिली. पुण्यात उभी राहिलेली संस्था हे तिचे एक उत्तर ठरले. सह्याद्रीतील वनस्पती, बुरशी, पिके यांचा अभ्यास तेथे सुरू झाला. तेथील वनस्पतिसंग्रहाला आघारकरांचे, तर बुरशींच्या संग्रहाला कवकशास्त्रज्ञ अजरेकर यांचे नाव आहे, आणि जगभरचे अभ्यासक हे संग्रह त्यांच्या स्वतंत्र संकेताक्षरांनी ओळखतात. संस्थेने गव्हाचे आणि सोयाबीनचे अनेक वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले. त्यांच्या नावाआरंभी येणारे ‘एमएसीएस’ हे संक्षेपाक्षर म्हणजे विज्ञान वर्धिनीच्या इंग्रजी नावाचीच आद्याक्षरे आहेत. माळव्यात आणि मध्य प्रदेशात सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्याशीही मालवणच्या या माणसाचे असे दूरचे नाते जुळते.

२ सप्टेंबर १९६० रोजी आचार्य आघारकर निवर्तले. आयुष्यभराची शिल्लक त्यांनी संस्थेच्या स्वाधीन केली होती. १९९२ साली या संशोधन संस्थेला ‘आघारकर संशोधन संस्था’ हे नाव देण्यात आले आणि भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीतील स्वायत्त संस्था म्हणून तिचे कार्य चालू राहिले आहे.

समारोप

आघारकरांच्या चरित्रात नाट्यमय प्रसंग थोडे आणि सातत्य मोठे. ओढ्यातील जेलीफिश असो, वाळवंटाच्या कडेचा करील असो, बंगालची जलपर्णी असो की परसातील केळ. प्रत्येक जीवाला त्यांनी एकच प्रश्न विचारला : तू मूळचा कोठला, आणि येथवर कसा आलास? हा प्रश्न आपल्यालाही आपल्या अवतीभवती विचारता येईल. हरिशंकरपुरमच्या कोणत्याही गल्लीतून फेरफटका मारताना कुंपणावर बोगनवेल दिसली तर ती दक्षिण अमेरिकेची, अंगणात सदाफुली दिसली तर ती मादागास्करची आणि रस्त्याकडेचा गुलमोहरही तेथलाच. कडुनिंब आणि पिंपळ तेवढे या उपखंडाचे. परंतु आज पाहणाऱ्याला यांतले कोणते झाड पाहुणे आणि कोणते घरचे, हे सहज सांगता येणार नाही, इतकी ती सारी येथल्या मातीत रुळली आहेत.

दोन-अडीचशे वर्षांपूर्वी दख्खनेतून या नगरीत आलेल्या मराठी कुटुंबांनी आपल्याबरोबर पोथ्या आणल्या, पुढे त्यांच्या वंशजांनी ग्रंथालये उभारली. बीजाला जशी वाहने लागतात, तशी भाषेलाही लागतात. आणि रुजल्यावर तिची नोंद जपून ठेवणारे कोणी लागते. आघारकरांनी वनस्पतींच्या बाबतीत हे दप्तर ठेवण्याचे काम पत्करले, त्यासाठी संस्था उभारली आणि आपले सर्वस्व तिला दिले. शंभर वर्षे पुस्तकांचे दप्तर सांभाळणाऱ्या ग्रंथालयाच्या सभासदांनी आणि आश्रयदात्यांनी अशा पुरुषाचे स्मरण करावे, हे सर्वथा योग्यच होय.